ग्रीष्मातील निद्रा आणि नाद

मनुष्याच्या बहुतेक इच्छा प्रयत्नाने फलद्रूप होतात. निद्रेची गोष्ट मात्र याच्या अगदी उलट आहे. धन, विद्या, कीर्ती यांच्यामागे जो जितका धावेल तितका तो त्यांच्या जवळ जातो, निदान तसा भरवसा तरी त्यास बाळगता येतो. निद्रेच्या मागे जो धावतो त्याच्यापासून ती तितकीच दूर पळते. ‘आता झोपायचेच’ असा निर्धार करून डोळे मिटणारा मनुष्य त्या निर्धारापायीच जागा राहतो. म्हणून निद्रेस बोलावण्याचे सर्व मार्ग आडवळणाचे आहेत. दिवा मालवावा, अंथरूण झाडावे, अंग सैल सोडावे, आणि ती आली तर येऊ द्यावी, यापलीकडे मनुष्याच्या हाती फारसे काही नाही. या आडवळणांतच नादाची गणना होते. वैशाखाच्या रात्री, भिंती दिवसभर प्यालेले ऊन परत ओकीत असताना, पुष्कळ घरांतून हल्ली उशाशी मोबाईल ठेवून त्यातून पावसाचा, समुद्राचा किंवा नुसत्या वाऱ्याच्या घोंगावण्याचा आवाज लावण्याचा प्रघात पडला आहे. हा प्रघात चांगला की वाईट, त्याने झोप खरोखर येते की तसा भास होतो, आणि आली तरी अशा रीतीने ती मिळवणे योग्य आहे काय, असे तीन प्रश्न यातून निघतात. पहिल्या दोहोंचा विचार वैद्यांनी करावा हे ठीक. परंतु तिसरा प्रश्न नीतीचा आहे, आणि तो वाटतो तितका क्षुल्लक नाही असे आम्हांस वाटते.

कोणी म्हणेल, झोपेसारख्या नित्याच्या गोष्टीत तत्त्वज्ञान कसले काढता? आमच्या पूर्वजांनी तसे म्हटले नाही. चरकाने शरीराचे तीन उपस्तंभ सांगितले, त्यांत आहार व ब्रह्मचर्य यांच्या बरोबरीने निद्रेस स्थान दिले. पतंजलींनी चित्ताच्या पाच वृत्ती मोजल्या, त्यांत निद्रा ही एक आहे. मांडूक्य उपनिषदाने आत्म्याच्या अवस्थांचा विचार जागृती, स्वप्न व सुषुप्ती या पायऱ्यांनीच केला. आणि गीतेने योग्याचे लक्षण सांगताना अति झोपणारा व अति जागणारा या दोघांसही योगाच्या बाहेर ठेवले. आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा ज्या अवस्थेत जातो, तिच्या दाराशी मनुष्य कसा वागतो हा विचार तत्त्वज्ञानाच्या कक्षेबाहेरचा कसा मानावा?

प्रथम उष्म्याचे काय ते पाहू. निद्रा येण्याच्या सुमारास शरीराचे आतील तपमान खाली उतरू लागते. रात्रभरात ते सुमारे १ अंश सेल्सिअसने उतरते. हे उतरणे साधावे म्हणून हातापायांच्या कातडीतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतील ऊब बाहेर टाकली जाते. थंडीच्या दिवसांत पाय गरम झाले की झोप लागते असा जो आपला अनुभव आहे त्याचे मर्म हेच होय. बाहेरची हवाच तापलेली असली म्हणजे ही ऊब टाकावी कोठे? मग घामाचा आश्रय उरतो. १ लिटर घाम वाळताना शरीरातील सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण तो वाळला तर! विदर्भात हवा कोरडी असते, म्हणून तेथे वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून किंवा कूलर लावून वारा गार करता येतो. मुंबईत व कोकणात हवाच पाण्याने भरलेली असल्यामुळे घाम अंगावर निथळत राहतो आणि कूलरही व्यर्थ होतो. स्वप्नावस्थेतील निद्रेत तर शरीराची उष्णतानियमनाची शक्तीच मंदावते; त्यामुळे उकाड्याचा घाला त्या निद्रेवर विशेष पडतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संशोधनात ६८ देशांतील ४७,००० हून अधिक माणसांच्या झोपेच्या नोंदी मनगटावरील यंत्रांनी घेतल्या होत्या. रात्रीचे तपमान ३० अंशांच्या वर गेले म्हणजे माणसाची झोप सरासरीने सुमारे १४ मिनिटांनी घटते असे त्यात आढळले. आणि ही तूट वृद्धांस व गरीब देशांतील लोकांस अधिक सोसावी लागते असेही दिसून आले. १४ मिनिटे ऐकण्यास थोडी वाटतात. परंतु ऋतूभर रोज १४ मिनिटांचे कर्ज काढणाऱ्याचे दिवाळे कसे निघते हे उन्हाळ्याच्या अखेरीस घरोघरच्या चिडखोर चेहऱ्यांवर वाचता येते.

आता नादाने उकाडा कमी होत नाही, हे आरंभीच स्पष्ट सांगितले पाहिजे. पावसाचा आवाज कितीही हुबेहूब असला तरी तपमापकातील पारा त्याने तसूभरही खाली येत नाही. मग उन्हाळ्याशी नादाचा संबंध कोणता? तो संबंध खिडकीचा आहे. वारा ज्या वाटेने आत येतो त्याच वाटेने गलका आत येतो. खिडकी उघडी ठेवावी तर रस्त्यावरची भोंग्यांची कर्कश ओरड, कुत्र्यांची भांडणे, लग्नाच्या वरातीचा बेंडबाजा ही सर्व मंडळी बिछान्यापाशी येऊन बसतात. लावून घ्यावी तर जीव घुसमटतो. हिवाळ्यात मनुष्य शांतता आणि ऊब या दोन्ही गोष्टी एकाच कडीने मिळवतो. उन्हाळ्यात मात्र गारवा आणि शांतता यांच्यांत वैर पडते, व त्यांतून एकीची निवड त्यास करावी लागते. मृदू, एकसारखा नाद या वैरात मध्यस्थी करतो. तो खिडकी उघडी ठेवू देतो आणि बाहेरच्या गलक्यावर एक पातळ पडदा टाकतो.

हा पडदा कसा पडतो हेही समजून घेण्यासारखे आहे. झोपलेल्या माणसास जागे करतो तो आवाजाचा मोठेपणा तितका नव्हे, जितका त्यातील फरक. आगगाडीत गाढ झोपणारा उतारू गाडी थांबताच जागा होतो, हे सर्वांच्या पाहण्यातले आहे. सर्वत्र शांत असलेल्या रात्री वाजलेली एक शिट्टी सुरीसारखी लागते; पंख्याच्या घरघरीत तीच शिट्टी बुडून जाते. डोळ्यास पापणी आहे, कानास ती नाही. म्हणून एकसुरी नादाची पापणी मनुष्याने कानासाठी करून घेतली. ज्या नादात ऐकू येणाऱ्या सर्व कंपनसंख्या सारख्याच जोराने मिसळलेल्या असतात त्यास, पांढऱ्या प्रकाशाच्या उपमेवरून, शास्त्रज्ञ श्वेतरव म्हणतात; खालच्या सुरांकडे अधिक झुकलेला, पावसाच्या संततधारेसारखा जो नाद त्यास गुलाबी रव म्हणतात. १९६२ साली अमेरिकेत झोपेसाठी म्हणून जे घरगुती नादयंत्र विक्रीस आले, त्याच्या पोटात एक लहानसा पंखाच होता. म्हणजे आमच्या छतास टांगलेला पंखा जे काम फुकट करीत आला होता, तेच काम त्या डबीने स्वतंत्र धंदा म्हणून पत्करले.

ही कल्पना आम्हांस नवी नाही. अनिद्रेवर उपाय सांगताना अभ्यंग, स्नान, दूध यांच्याबरोबर मनोनुगुण, म्हणजे मनास रुचणारे, गंध व शब्द यांचाही उल्लेख चरकसंहितेत आहे. ग्रीष्मात रात्र लहान असल्यामुळे दिवसा झोपण्यासही तेथे मुभा आहे. कालिदासाच्या ऋतुसंहाराचा आरंभ ग्रीष्माच्या वर्णनाने होतो, आणि त्यात जलयंत्रांची मंदिरे आहेत. त्यांतून उडणारे पाणी अंगास गारवा देई तसेच कानासही. आमच्याकडे छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत दुरून नळाने आणलेले पाणी उंचावरून हौदात कोसळते, आणि त्या हौदाखालीच स्तंभांवर उभारलेले प्रशस्त दालन आहे. भर उन्हाळ्यात बाहेर रस्ता पोळत असता पडत्या पाण्याचा तो अखंड ध्वनी कानी येतो, तेव्हा गारवा अंगास आधी लागला की कानास, हे सांगणे कठीण होते. नागपूर-चंद्रपूरकडील गरिबाच्या घरीही कूलरची घरघर व त्यातील पाण्याची टपटप हेच उन्हाळ्याचे अंगाईगीत असते. पहिल्या पावसानंतर कूलर बंद झाला म्हणजे त्या शांततेने दोन-चार रात्री झोप लागत नाही असे सांगणारे पुष्कळ भेटतात.

या उपायाच्या बाजूने शास्त्राची साक्ष किती आहे? १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४० नवजात अर्भकांचे दोन गट केले होते. श्वेतरव ऐकविलेल्या २० पैकी १६ बाळे पाच मिनिटांत झोपली. न ऐकविलेल्या २० पैकी ५ च. हा आकडा मोठा बोलका आहे. उलटपक्षी, २०२१ साली अशा ३८ शोधनिबंधांचा एकत्र धांडोळा घेण्यात आला, तेव्हा नादाने झोप सुधारते या विधानास आधार देणारा पुरावा फार कच्च्या प्रतीचा आहे असा निर्णय निघाला. यावरून एवढेच म्हणता येते की, जेथे बाहेर गलका आहे तेथे नादाचा पडदा उपयोगी पडावा हे सयुक्तिक आहे. परंतु जेथे गलकाच नाही तेथे मुद्दाम नाद लावणे म्हणजे उन्हात नसताना छत्री उघडून बसणे होय.

आता नीतीच्या प्रश्नाकडे वळू. पहिला आक्षेप असा घेतला जातो की, हा सर्व व्यवहार लबाडीचा आहे. आकाशात ढगाचा तुकडा नाही आणि खोलीत मुसळधार पाऊस पडतो आहे. घर धुळ्यात आणि उशाशी अरबी समुद्र! मनुष्याने मनास असे फसवून झोपवावे काय? आक्षेपकांच्या हाती आम्हीच एक दाखला देतो. १९६९ साली इर्व्ह टायबेल नामक अमेरिकन गृहस्थाने समुद्राच्या लाटांची एक ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. किनाऱ्यावर जाऊन घेतलेले आवाज त्याच्या मनास येईनात. तेव्हा संगणकाच्या साह्याने त्यांवर संस्कार केले, आणि मग ते पुरते समुद्रासारखे वाटू लागले. खऱ्या समुद्राहून घडविलेला समुद्र अधिक समुद्रासारखा! यास कृत्रिमतेची कमाल म्हणावे की काय?

आमचे उत्तर असे की, फसवणूक होण्यास फसणारा मनुष्य लागतो. पावसाचा आवाज लावणाऱ्यास पाऊस नाही हे पक्के ठाऊक असते. त्याने आपल्याच हाताने तो लावलेला असतो. नाटकगृहात बसलेला प्रेक्षक रंगभूमीवरील राजा खरा नव्हे हे जाणूनही त्याच्या दुःखाने डोळे पुसतो. त्यास कोणी फसला असे म्हणत नाही. जाणूनबुजून पत्करलेली कल्पना आणि न कळत माथी मारलेली असत्य गोष्ट यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. शिवाय निद्रेच्या दारापर्यंतच या कल्पनेची सोबत. छांदोग्य उपनिषदात प्रजापतीने इंद्रास गाढ निद्रेचे स्वरूप सांगितले, तेव्हा इंद्र असमाधानी होऊन परत आला. या अवस्थेत मनुष्य स्वतःसही ओळखत नाही व इतरांसही ओळखत नाही, मग यात भले ते काय, अशी त्याची तक्रार होती. जेथे ‘मी’च उरत नाही तेथे पाऊस खरा की खोटा हा प्रश्न कोणी विचारावा? तेव्हा असत्याचा आक्षेप टिकत नाही.

दुसरा आक्षेप याहून खोल आहे. त्याचा विचार करण्यापूर्वी सुखद नाद सुखद का वाटतो हे पाहिले पाहिजे. नळाची गळणारी धार आणि पागोळ्यांची धार यांच्या ध्वनीत असा कितीसा फरक आहे? तरी पहिलीने झोप उडते आणि दुसरीने लागते. शेजारच्याचे गाणे कर्कश वाटते, आणि तेच गाणे आपल्या घरी लागले म्हणजे गोड होते. यावरून दिसते की, चरकाचा ‘मनोनुगुण’ हा शब्द मोठ्या मार्मिकपणे योजिलेला आहे. गोडवा एकट्या नादात नसतो, मनाने त्यास दिलेल्या संमतीत तो असतो. ही संमती मन केव्हा देते? आमच्या मते, जो नाद निर्भयतेची ग्वाही देतो त्यास ते देते. निद्रा म्हणजे शस्त्र खाली ठेवणे. डोळे मिटून, हातपाय सैल सोडून मनुष्य काही घटका संपूर्णपणे जगाच्या स्वाधीन होतो. असा विश्वास टाकण्यापूर्वी त्याचे मन कान देऊन ऐकत असते की कोणी जागे आहे काय? पहाटे दळण दळणाऱ्या आईच्या मांडीवर, जात्याच्या घरघरीत मूल गाढ झोपे. ती घरघर काही मंजुळ नसे, पण आई जागी आहे हे ती सांगत असे. रात्री गस्त घालणारा पहारेकरी ‘जागते रहो’ म्हणून ओरडे, आणि नेमके ते शब्द ऐकून आळीतील लोक निश्चिंतपणे कूस बदलून झोपी जात! जागे राहण्याच्या आज्ञेने झोप यावी यात विसंगती दिसते, पण ती वरवरची आहे. कोणीतरी आपल्यासाठी जागत आहे, हाच त्या आरोळीचा खरा अर्थ होता.

झोपेतही कान न्यायनिवाडा करीत असतो. १९६० साली इंग्लंडातील इयान ऑस्वाल्ड व त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले की, झोपलेल्या माणसापुढे अनेक नावे उच्चारली असता तो स्वतःच्या नावास विशेष प्रतिसाद देतो. घराशेजारून रेल्वे धडधडत गेली तरी न हालणारी माता तान्ह्या मुलाच्या बारीक कुरकुरीने उठून बसते. अर्थात सुषुप्तीच्या दारावरही कर्तव्याचा एक पहारा असतो. यंत्राच्या नादाविषयीचा दुसरा आक्षेप येथे उभा राहतो. यंत्राच्या नादामागे जागणारा कोणी नसतो. तो गलका झाकतो तशी हाकही झाकतो. पलीकडच्या खोलीतील वृद्धाचे कण्हणे, दारावरची थाप, मुलाचे रडणे आणि रस्त्यावरचा भोंगा यांत त्यास भेद कळत नाही. म्हणून आमचे पहिले म्हणणे असे की, नादाचा पडदा पातळच असावा. ज्या आवाजासाठी उठणे आपले कर्तव्य आहे तो आवाज त्यातून पार झालाच पाहिजे. जो मनुष्य सर्वच हाकांपासून सुटका मागतो, त्यास निद्रा हवी नसून जगाशी काडीमोड हवा असतो.

बृहदारण्यकाने सांगितले आहे की, गाढ निद्रेत चोर चोर राहत नाही, पिता पिता राहत नाही, चांडाळ चांडाळ राहत नाही. सुषुप्तीच्या राज्यात सर्वत्र समता आहे. पण त्या राज्याच्या वेशीवर मात्र घोर विषमता आहे, आणि प्रश्नाचा खरा गाभा येथेच आहे. इंग्रजी अमदानीत साहेबाच्या शयनगृहात छतास टांगलेला मोठा पंखा असे. त्याची दोरी भिंतीतून बाहेर ओसरीवर जाई, आणि तेथे बसून एक गरीब मनुष्य रात्रभर ती ओढीत राही. पंख्याची संथ फडफड व दोरीची करकर हाच साहेबाच्या निद्रेचा सुखद नाद होता. तो नाद थांबला की साहेब जागा होई, कारण ओढणारा झोपलेला असे. अशा वेळी पंखेवाल्यास मारहाण झाल्याची, आणि क्वचित त्यात त्याचा प्राणही गेल्याची प्रकरणे न्यायालयांपुढे आलेली आहेत. एकाच्या निद्रेची किंमत दुसऱ्याच्या जागरणाने फेडली जात होती, आणि दुसऱ्याची निद्रा हा गुन्हा ठरत होता.

विजेने पंखेवाल्याची सुटका केली, ही मानवजातीवरील मोठी कृपा होय. पण हिशेब पुरता मिटला असे समजू नये. वातानुकूलित खोलीत खिडकी घट्ट लावून झोपणाऱ्यास गारवा आणि शांतता या दोन्ही गोष्टी पुन्हा एका कडीने मिळतात. मात्र त्याच्या यंत्राचा बाहेरचा भाग आतली उष्णता व स्वतःची घरघर समोरच्या उघड्या खिडकीत ओतीत असतो. त्या खिडकीआड एका खोलीत पाच-सहा माणसे दाटीवाटीने निजलेली असतात. म्हणजे एकाने वैर मिटविले ते दुसऱ्याच्या घरी नेऊन पेटविले. दोरी ओढणारा आता दिसत नाही, एवढाच फरक. आपल्या सुखाची किंमत भरणारा दृष्टीआड झाला म्हणून सुख निष्पाप होत नाही.

गलक्याची गोष्टही तशीच आहे. आपल्या देशात ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले. रहिवासी भागात रात्री आवाजाची मर्यादा ४५ डेसिबेल ठरली, आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ध्वनिक्षेपकास बंदी झाली. काही सणांपुरती मध्यरात्रीपर्यंतची सूट मात्र राज्यांना वर्षातून १५ दिवसांपर्यंत देता येते. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने या विषयावर विस्तृत निर्णय दिला, आणि २०१२ साली रामलीला मैदान प्रकरणात निद्रा ही मनुष्याच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचे म्हटले. कायद्याने एवढे केले. लोकांनी काय केले? ज्यास खिडकी लावून घेणे परवडते त्याने ती लावून घेतली. ज्यास नादाचा पडदा ओढता येतो त्याने तो ओढला. आणि तक्रार करण्याचे काम ज्याच्या शब्दास वजन नाही अशा उरलेल्यांवर सोडून दिले. तक्रार करावयास गेलेल्या म्हाताऱ्यास ‘आजोबा, कानात बोळे घाला’ असा सल्ला मिळतो, तेव्हा एका निरुपद्रवी उपायाचे अन्यायाच्या हत्यारात रूपांतर झालेले असते. सार्वजनिक दुखण्यावर खाजगी औषध निघाले म्हणजे दुखणे बरे करण्याची निकड कोणासच वाटत नाही, आणि औषध विकत घेण्याची ऐपत नसलेला मात्र दुखणाईतच राहतो.

मग नादाचा उपाय करणारे सर्व कर्तव्यास चुकले असे म्हणावे काय? मुळीच नाही. रात्रपाळी करून सकाळी घरी परतलेली परिचारिका, रेल्वेरुळांना लागून असलेल्या चाळीत राहणारा कामगार, परीक्षेच्या आदल्या रात्री वरातीच्या ढोलांनी हैराण झालेली विद्यार्थिनी यांनी आज रात्री झोपावे कसे? समाज सुधारेपर्यंत जागे बसा, असे त्यांस सांगणारा नीतिशास्त्रज्ञ स्वतः बहुधा शांत आळीत राहत असावा. पावसात छत्री घेणारा मनुष्य छप्पर शाकारण्याचे कर्तव्य टाळतो असे होत नाही. मात्र छत्री आहे म्हणून जो घराचे छप्पर गळू देतो, आणि घरातील बाकीच्यांस छत्री नाही याची ज्यास आठवण राहत नाही, तो दोषी होय. शमन आणि निवारण यांत भेद आहे. शमन आजच्या रात्रीसाठी, निवारण उद्याच्या दिवसासाठी. आणि जो रात्री पुरेसा झोपला नाही त्याच्या हातून दिवसा निवारण तरी कसे व्हावे? म्हणून आमच्या मते नादाने मिळविलेली झोप हे पाप नाही. तिच्याने मिळालेली ताजी सकाळ आपल्यापुरतीच खर्चून टाकणे हे मात्र कृपणपणाचे होय.

या विवेचनावरून व्यवहाराचे काही नियम सहज निघतात. उष्म्याचा बंदोबस्त आधी, नादाचा मागून. संध्याकाळी वारा खेळवावा, अंग ओल्या फडक्याने पुसावे, पंखा असल्यास तो लावावा; त्याची घरघर वाऱ्याबरोबर आयतीच मिळते. नाद लावलाच तर तो मंद असावा, उशापासून दूर असावा, आणि झोप लागल्यावर आपोआप बंद होईल अशी व्यवस्था असावी. तान्ह्या मुलाच्या बाबतीत तर दुप्पट सावधगिरी हवी. अशा १४ यंत्रांची तपासणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. पूर्ण आवाजावर लावली असता ३० सेंटिमीटरवर ती सर्वच्या सर्व रुग्णालयातील अर्भककक्षांसाठी सुचविलेल्या ५० डेसिबेलच्या मर्यादेबाहेर गेली, आणि तीन तर ८५ डेसिबेलच्याही पुढे गेली. मुलास गलक्यापासून वाचविण्यासाठी त्याच्या कानाशी दुसरा गलका बांधावा हे शहाणपण नव्हे. त्यास आईबापांचा, आजीचा आवाज पुष्कळ आहे. तो बेसूर असला तरी त्यामागे कोणी जागे असते. आणि शेवटचा नियम असा की, आपला सुखद नाद आपल्या भिंतीच्या आत राहावा. आपल्या गारव्याची ऊब शेजाऱ्याच्या उशाशी जाऊ नये. सोसायटीच्या सभेत रंगाच्या छटेवर तासभर वाद घालणाऱ्या सद्गृहस्थांनी वातानुकूलन यंत्रे कोणत्या भिंतीस लावावीत व रात्री कोणाच्या खिडकीसमोर भोंगा वाजतो, यावर एक घटका खर्च केली तर अनेकांस नादयंत्राची गरजच उरणार नाही.

रात्री कोण किती शांत झोपतो यावरून त्याच्या पुण्याईची परीक्षा करण्याची आपली जुनी रीत आहे. ती रीत थोडी बदलण्याची वेळ आली आहे. ज्याच्यामुळे दुसऱ्या कोणास जागावे लागत नाही तो पुण्यवान, असे आता म्हटले पाहिजे. उन्हाळा वर्षानुवर्षे कडक होत जाणार, रात्री तापत जाणार, आणि खिडक्या उघड्या ठेवणे भाग असलेल्यांची संख्या या देशात दीर्घकाळ मोठीच राहणार. त्यांच्या उघड्या खिडकीतून रात्री काय आत जाते, हा त्यांच्या दैवाचा भाग नसून आम्हां सर्वांच्या वर्तनाचा भाग आहे. आपल्या कानावर मृदू पडदा ओढण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. मात्र तो ओढण्यापूर्वी, आपण स्वतः दुसऱ्याच्या कानाशी काय वाजवीत आहोत, हे एकदा कान देऊन ऐकण्याचे ऋण प्रत्येकावर आहे.